लेथवर मिलिंग: मिलिंग मशीन नसताना की-वे आणि फ्लॅट कसे काढायचे?

लेथवर जॉब फिरतो आणि टूल जागेवर असतं. मिलिंगमध्ये बरोबर उलटं, कटर फिरतो आणि जॉब त्याच्यासमोरून सरकतो. मग ज्याच्याकडे फक्त एक जुना लेथ आहे, त्याला शाफ्टवर साधी चावीची खाच, म्हणजे की-वे काढायची असेल तर? उत्तर सोपं आहे: लेथच उलटा वापरायचा. चकाच्या जागी कटर, टूल पोस्टच्या जागी जॉब. हे करता येतं, नीटही होतं, पण त्याला काही अटी आहेत. त्या अटी मी एक शाफ्ट वाया घालवून शिकलो, म्हणून हा लेख.

मी नाशिकमध्ये राहतो, दिवसभर कोड लिहितो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घासली, त्यानंतर लोखंडाशी संबंध आला तो मामांच्या अंबडमधल्या गाळ्यात. एक सहा फुटी लेथ, एक ड्रिल मशीन, एक बेंच ग्राइंडर, बस्स. असे गाळे सातपूर-अंबडला गल्लोगल्ली आहेत. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६४ मध्ये ओझरला एचएएलचा कारखाना आला, पुढे मोठे वाहन आणि इंजिन-पार्टचे कारखाने आले आणि त्यांच्याभोवती एकेक मशीनवर चालणारे छोटे वर्कशॉप वाढत गेले. यातल्या बऱ्याच ठिकाणी सुरुवात लेथनेच होते. मिलिंग मशीन हा नंतरचा, पैसे जमले तर करायचा विचार.

गेल्या हंगामात दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार ब्लोअरच्या पंपाचा शाफ्ट घेऊन आले. चावी सैल होऊन खाच पार गोल झालेली. ऑक्टोबर छाटणी झालेली, पाऊस पडून गेलेला, डावणीची भीती, आणि दुसऱ्या दिवशी फवारणी हवीच. नवीन शाफ्ट टर्न करायला लेथ होता. खाच मात्र शेजारच्या मिलिंगवाल्याकडून काढून आणायची सवय, आणि त्याच्याकडे त्या दिवशी सुट्टी. मी म्हटलं, आपल्याच लेथवर करू, मी व्हिडिओ पाहिलेत. मामा म्हणाले, "कर. पण मटेरियल दोन तुकडे कापून ठेव." का ते पुढे कळेल.

कुठला लेथ चालेल?

आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये दिसणारे लेथ साधारण दोन घराण्यांतले. एक, जुने भारदस्त: हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे (ही कंपनी १९४१ ची, किर्लोस्करवाडीच्या त्याच किर्लोस्करांची) किंवा १९५३ मध्ये बंगळुरूला सुरू झालेल्या एचएमटीचे. दुसरे, राजकोट किंवा बटाला भागात बनलेले हलके, पट्ट्यावर चालणारे, बेडच्या लांबीवर विकले जाणारे लेथ. मिलिंगसाठी पहिल्या घराण्यातला मिळाला तर उत्तम. कारण मिलिंगचा कट अखंड नसतो, प्रत्येक दात येऊन ठोका मारतो. वजनदार बिडाचा बेड तो ठोका पचवतो, हलका लेथ थरथरतो.

इंग्रजी व्हिडिओ पाहून गोंधळ होतो तो इथे. इंग्लंडमधला मायफर्ड हा छोटा लेथ हौशी लोकांत फार प्रसिद्ध. त्याच्या क्रॉस स्लाइडवर टी-स्लॉट असतात आणि त्यावर बसणारी व्हर्टिकल स्लाइड वेगळी विकत मिळायची. त्यामुळे ते लोक जॉब सरळ क्रॉस स्लाइडवर बोल्टने बांधून मोकळे होतात. आपल्या सर्वसाधारण लेथच्या क्रॉस स्लाइडला असे स्लॉट नसतात. असते ती फक्त कंपाउंड स्लाइड धरणारी गोल खाच किंवा दोन बोल्ट. आपल्याला जे काही बांधायचं ते तिथेच बांधावं लागतं. खालचा सगळा जुगाड त्या दोन बोल्टांवर उभा आहे.

काम सुरू करण्याआधी एक तपासणी. क्रॉस स्लाइड हाताने पकडून हलवून बघा. जाणवण्याइतकी हलत असेल तर जिब आवळा. थोडी जड फिरली तरी चालेल. सॅडलला लॉक करायचा बोल्ट आहे का, आणि तो खरंच लॉक करतो का, हेही बघा. आमच्या लेथचा बोल्ट रंगाखाली गाडला गेला होता. टर्निंगला तो लागत नाही, म्हणून कुणी हात लावलेला नव्हता.

कटर कशात धरायचा?

माझी चूक इथे झाली, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्यांदा मी ८ मिमी एंड मिल सरळ थ्री-जॉ चकात धरला. चावी जोर लावून आवळली, फिरवून बघितलं, छान वाटलं. पहिले दोन कट चांगले गेले. तिसऱ्या कटाला आवाज बदलला. थांबवून मोजलं तर खाच एका टोकाला दीड मिमी खोल, दुसऱ्या टोकाला सव्वादोन. मी सॅडलला हातही लावला नव्हता. कटर चकातून हळूहळू बाहेर सरकत होता.

कारण साधं आहे. एंड मिलचे दात स्क्रूसारखे वळलेले असतात. नेहमीच्या कटरचा वळसा असा असतो की कापताना तो स्वतःला जॉबकडे ओढून घेतो. ड्रिल जसं आत खेचलं जातं, तसंच. त्यात एंड मिलची दांडी कडक, चकाचे जबडेही कडक, आणि स्पर्श फक्त तीन रेषांवर. गुळगुळीत काचेवर काच. ठोक्यांनी ती पकड सुटते आणि कटर पुढे येतो. मामा बघत होते. म्हणाले, "चक गोल जॉब धरायला असतो रे. कटरला कॉलेट लागतं." मग दुसरा तुकडा बाहेर आला.

योग्य पर्याय तीन आहेत.

सगळ्यात चांगला म्हणजे स्पिंडलच्या मोर्स टेपरमध्ये बसणारा कॉलेट चक, ईआर-२५ किंवा ईआर-३२. ईआर-२५ मध्ये १६ मिमीपर्यंतची दांडी धरता येते, ईआर-३२ मध्ये २० मिमीपर्यंत. पण नुसता टेपर ठोकून बसवायचा नाही. स्पिंडलच्या पोकळीतून मागून एक लांब आटे पाडलेला रॉड घालून टेपर मागे ओढून धरायचा. याला ड्रॉबार म्हणतात. मोर्स टेपर ३ ला मागे एम-१२ चे आटे असतात, टेपर ४ ला एम-१६ चे. बाजारातून आटेवाला रॉड आणायचा, हेडस्टॉकच्या मागच्या टोकाला बसेल असा एक वॉशर टर्न करायचा, नट लावायचा, झालं. ड्रॉबारशिवाय मोर्स टेपरवर बाजूचा जोर आला की टेपर सुटतो आणि फिरता कटर होल्डरसकट बाहेर पडतो. टेलस्टॉकमध्ये ड्रिलला ड्रॉबार लागत नाही, कारण तिथे जोर कायम आतल्या बाजूला असतो. याच कारणाने ड्रिल चकात एंड मिल कधीच धरू नका. तो चक आपल्या टेपरवर फक्त घर्षणाने बसलेला असतो.

दुसरा पर्याय: सरळ दांडीचा ईआर कॉलेट चक फोर-जॉ चकात धरायचा आणि डायल लावून मध्यावर आणायचा. कॉलेट चकाची दांडी जाड असते, जबडे तिला बरे धरतात. मात्र कटर जबड्यांपासून बराच पुढे येतो आणि लचकतो.

तिसरा, सगळ्यात स्वस्त, आणि मी शेवटी वापरला तो. चकात ४० मिमीचा माइल्ड स्टीलचा तुकडा धरा. आहे तिथेच, न काढता, त्याला आधी ड्रिल करून मग बोअर करून ८ मिमीचं भोक पाडा, कटरची दांडी जेमतेम आत जाईल असं. आडवा एक आटे पाडून ग्रब स्क्रू बसवा. कटरच्या दांडीवर बेंच ग्राइंडरने छोटा फ्लॅट घासा आणि ग्रब स्क्रू त्या फ्लॅटवर आवळा. आता कटर पुढे सरकूच शकत नाही. शिवाय भोक त्याच स्पिंडलवर पाडलेलं असल्याने ते त्या स्पिंडलला तंतोतंत एकमध्य असतं. अट एकच: काम संपेपर्यंत तो तुकडा चकातून काढायचा नाही.

एकमध्य असण्याचं महत्त्व की-वेमध्ये फार आहे. ८ मिमी रुंद की-वेला शाफ्टवर नेहमीच्या घट्ट बसणाऱ्या चावीसाठी ८.००० ते ७.९६४ मिमी अशी रुंदी लागते. कटर अर्धा दशांश जरी वाकडा फिरला तरी खाच ८ च्या वर जाते, चावी सैल बसते, आणि दोन महिन्यांनी तोच शेतकरी तोच शाफ्ट घेऊन परत दारात.

जॉब बरोबर मध्यावर कसा आणायचा?

की-वेसाठी व्हर्टिकल स्लाइड लागतच नाही. शाफ्ट क्रॉस स्लाइडवर आडवा धरायचा, स्पिंडलला काटकोनात. कटर समोरून शाफ्टच्या कुशीत शिरतो. सॅडल सरकवली की खोली मिळते, क्रॉस स्लाइड सरकवली की खाचेची लांबी मिळते. वर-खाली हालचाल लागत नाही, फक्त शाफ्टचा मध्य स्पिंडलच्या मध्याइतक्याच उंचीवर हवा. तो दोन दशांश जरी वर-खाली झाला तर खाच एका बाजूला कलते.

ही उंची पॅकिंगच्या पट्ट्या लावून साधता येते, पण वेळ जातो आणि प्रत्येक वेळी नव्याने करावं लागतं. त्याऐवजी एक ठोकळा बनवा. ही युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण इथे मोजायचं कामच मशीनवर सोपवलेलं आहे.

साधारण ६० मिमी जाडीचा बिडाचा किंवा माइल्ड स्टीलचा ठोकळा घ्या. कंपाउंड स्लाइड काढा आणि तिच्याच दोन बोल्टांनी ठोकळा क्रॉस स्लाइडवर पक्का बांधा. मग चकात ड्रिल धरून, सॅडल पुढे सरकवत ठोकळ्याला आरपार भोक पाडा. ड्रिल थोडं भरकटतं, म्हणून शेवटचा कट बोअरिंग बारने घ्या: बारचं एक टोक चकात, दुसरं टेलस्टॉकच्या सेंटरवर, मधे टूल बिट. भोक ४० मिमी करा. स्पिंडलनेच पाडलेलं भोक, त्यामुळे त्याचा मध्य आपोआप स्पिंडलच्या उंचीवर.

आता बोल्ट सैल करा आणि ठोकळा जागेवरच ९० अंशांत फिरवा. उंची तीच राहते, भोक मात्र आता क्रॉस स्लाइडच्या दिशेला आडवं झालं. वरून हॅक्सॉने भोकापर्यंत एक चीर पाडा, दोन एम-१० चे ॲलन बोल्ट लावा, म्हणजे ठोकळा शाफ्टला चिमट्यासारखा धरेल. वेगवेगळ्या मापाच्या शाफ्टसाठी ४० मिमी बाहेरच्या मापाचे, एका बाजूने चिरलेले बुश टर्न करून ठेवा. २०, २५ आणि ३० चे तीन बुश केले की रोजची बरीच कामं भागतात.

फिरवल्यावर दिशा एकदा तपासायची. ठोकळ्यात एक सरळ बार धरा, चकाला डायल गेज लावा, टोक बारच्या चकाकडच्या बाजूवर टेकवा आणि क्रॉस स्लाइड ५० मिमी फिरवा. सुई दोन शतांशाच्या आत राहिली की बोल्ट अंतिम आवळा. हलली तर ठोकळा हलक्या हातोडीने ठोकून वळवा. बारच्या वरच्या बाजूवरही एकदा तसंच बघा. मला पहिल्यांदा अर्धा तास लागला. मामांनी दुसऱ्यांदा पाच मिनिटांत केलं, बोलता बोलता.

वेग आणि फीड

सूत्र: आरपीएम म्हणजे ३१८ गुणिले कटिंग स्पीड, भागिले कटरचा व्यास मिमीमध्ये. एचएसएस कटर आणि माइल्ड स्टीलसाठी कटिंग स्पीड मिनिटाला २५ मीटर धरा, बिडाला २०, पितळेला ४५ च्या आसपास, ॲल्युमिनियमला ६० किंवा जास्त.

८ मिमी कटर, माइल्ड स्टील: ३१८ × २५ ÷ ८, म्हणजे जवळपास १००० आरपीएम. आमचा पट्ट्याचा लेथ जास्तीत जास्त ४५० ला जातो. अशा वेळी लोक कार्बाइडचे छोटे कटर आणतात आणि ते तुटतात. कार्बाइडला वेग आणि ताठपणा दोन्ही लागतं, आपल्याकडे दोन्ही नाही. एचएसएस कटर ४५० वर अगदी व्यवस्थित कापतो, फक्त हळू.

किती हळू, तेही काढू. खाचेसाठी दोन दातांचा कटर घ्या. याला दुकानात स्लॉट ड्रिल म्हणतात, तो टोकानेही कापतो. दर दाताला ०.०२ मिमी धरला तर ४५० × २ × ०.०२ = मिनिटाला १८ मिमी. क्रॉस स्लाइडचा स्क्रू ५ मिमी पिचचा असेल तर हँडलचा एक फेरा साधारण १७ सेकंदांत. करून बघा, हे अक्षरशः मुंगीच्या पावलांनी आहे. नवखा माणूस इथेच घाई करतो. पण फार हळूही नको. कटर कापायचं सोडून घासायला लागला की धार जाते. आवाज किंचाळण्याचा आला तर फीड थोडी वाढवा, धडधडण्याचा आला तर खोली कमी करा.

प्रत्यक्ष की-वे

२५ मिमी शाफ्ट. आयएस २०४८ या मानकाप्रमाणे २२ च्या वर आणि ३० पर्यंतच्या शाफ्टला ८ × ७ ची चावी, शाफ्टमध्ये खोली ४.० मिमी, पुलीच्या भोकात ३.३ मिमी.

शाफ्टचं ज्या टोकाला खाच हवी ते टोक ठोकळ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे आपल्यापासून लांब काढा. बाकीचा शाफ्ट आपल्या पोटाकडे येतो. अडचण होते, पण तो फिरत नाही. अशी मांडणी मुद्दाम आहे. लेथ नेहमीच्या दिशेने फिरताना कटरची वरची बाजू आपल्याकडे येते आणि आपल्या बाजूचे दात खाली जातात. क्रॉस स्लाइड आत, म्हणजे मागे ढकलत कापलं तर पुढ्यातलं मटेरियल कटरच्या आपल्या बाजूला राहतं, आणि दात जॉबला खाली बेडवर दाबतात. उलट दिशेने, म्हणजे स्लाइड आपल्याकडे ओढत कापलं तर तेच दात जॉब वर उचलतात, सगळा भार जिबवर येतो आणि मशीन थरथरतं. मी दोन्ही करून पाहिलं, फरक कानाला कळतो.

खोलीचं शून्य असं घ्या. स्पिंडल बंद. कटरचा चेहरा आणि शाफ्ट यांच्यात पातळ कागदाची पट्टी धरा, सॅडल हळू पुढे आणा, पट्टी अडकली की थांबा. चालू कटरसमोर बोटांनी कागद धरायचा नाही, व्हिडिओत कुणी कितीही सहज करत असलं तरी. बेडवर मॅग्नेटिक स्टँड लावून डायल सॅडलला टेकवा आणि तिथे शून्य करा. सॅडलच्या हँडव्हीलवर विसंबून दशांशाची खोली मिळत नाही.

मग कटर शाफ्टच्या टोकाबाहेर, सॅडल अर्धा मिमी पुढे, लॉक. मशीन चालू, क्रॉस स्लाइड आत, तेलाचे थेंब टाकत राहा. ४० मिमी लांबी झाली की मशीन बंद, स्लाइड मागे, लॉक सोडा, पुन्हा अर्धा मिमी. आठ कट, प्रत्येकी दोन-सव्वादोन मिनिटं. पाऊण तास धरा, कारण मध्ये मोजणं आलं. कीस ब्रशने झटकायचा, हाताने नाही. मिलिंगचा कीस लांब भेंडोळ्यासारखा निघत नाही, सुईसारखा निघतो आणि बोटात शिरतो. हातमोजे, घड्याळ, सैल बाह्या हे सगळं बाहेर. आणि स्पिंडल उलटा फिरवायचा नाही, कारण आट्यांवर बसणारा चक असेल तर ठोक्यांनी तो सुटून येतो.

खोली तपासायची ती खाचेच्या तळापासून शाफ्टच्या पलीकडच्या बाजूपर्यंत: २५ मधून ४ गेले, व्हर्निअरवर २१.० यायला हवं. शाफ्ट ठोकळ्यातून न काढता मोजा. एकदा काढला की पुन्हा तसाच बसत नाही.

पुलीच्या आतली खाच

इथे मिलिंग नाही, लेथ शेपरसारखा वापरायचा. पुली चकात, मेन स्विच बंद. बॅक गिअरवाल्या लेथला डायरेक्ट पिन न काढता बॅक गिअर अडकवला की स्पिंडल जाम होतो. बोअरिंग बारमध्ये ८ मिमी रुंद घासलेला एचएसएस बिट आडवा, सेंटरच्या उंचीवर. सॅडल हाताने पुढे-मागे करत दर फेरीला ०.०५ मिमी कापायचं.

एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. भोक गोल आहे, त्यामुळे चौकोनी टूलचे दोन कोपरे आधी टेकतात. २५ च्या भोकात ८ रुंदीला हा फरक ०.६६ मिमी येतो. म्हणजे पहिल्या स्पर्शापासून ३.३ नाही, जवळपास ३.९६ मिमी आत जायचं. मोजून खात्री करा: खाचेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत २८.३. दर फेरीला ०.०५ म्हणजे ऐंशी फेऱ्या. दुसऱ्या दिवशी माझे खांदे भरून आले होते.

फ्लॅट, चौकोन आणि सपाट पृष्ठभाग

यासाठी मात्र वर-खाली हालचाल हवी. विकतची व्हर्टिकल स्लाइड घ्यायची नसेल तर काढून ठेवलेली कंपाउंड स्लाइड आठवा. बिडाची अँगल प्लेट क्रॉस स्लाइडवर बांधा आणि कंपाउंड तिच्यावर उभी लावा. तिचा स्क्रू आता जॉब वर-खाली करतो. ही रचना लचकते, म्हणून कट पाव मिमीच्या वर नको आणि १२ मिमीपेक्षा मोठा एंड मिल नको. दांड्याच्या टोकाला चौकोन काढायचा असेल तर दांडा चौकोनी ठोकळ्याच्या भोकात पक्का करून ठोकळा एकेक बाजूवर फिरवा. षटकोनासाठी षटकोनी बारचा तुकडा. डिव्हायडिंग हेडचं काम फुकटात होतं.

सपाट पृष्ठभागासाठी मोठा कटर घेऊ नका, फ्लाय कटर बनवा: चकात धरलेल्या चकतीत तिरका बसवलेला एकच टूल बिट. ८० मिमी घेर असेल तर वरच्या सूत्राने १०० आरपीएम. फिनिश एंड मिलपेक्षा चांगला येतो आणि खर्च फक्त बिटचा.

कधी करू नये

कडक केलेला शाफ्ट असेल तर नाही. शाफ्ट अर्ध्या मीटरपेक्षा लांब असेल तर नाही, तो आडवा धरल्यावर लोंबतो. खाच क्रॉस स्लाइडच्या हालचालीपेक्षा लांब असेल तर अर्थातच नाही. दहा-वीस नग असतील तरीही जॉबवर्कला द्या. एका की-वेचे मिलिंगवाला काहीशे रुपये घेतो, त्यात आपला पाऊण तास आणि लेथ अडकून पडलेला वेळ धरला तर आपण तोट्यात. लेथवरचं मिलिंग एका-दोन नगांसाठी, सुट्टीच्या दिवसासाठी आणि अडलेल्या गिऱ्हाइकासाठी.

खर्चाचं म्हणाल तर माझ्याकडून गेले ते दोन स्लॉट ड्रिल, ग्रब स्क्रू आणि ॲलन बोल्ट. दोन हजारांच्या बरंच आत. ठोकळ्याचं बीड गाळ्यातल्या भंगारात होतं. डायल गेज मामांकडे होताच. नसेल तर आधी तो घ्या, कटर नंतर.

दिंडोरीचा शाफ्ट रात्री साडेदहाला तयार झाला. चावी हातोडीच्या दोन हलक्या टोल्यांत बसली, आणि त्यांनी तिथेच टेम्पोच्या उजेडात पुली चढवून बघितली. वाया गेलेला पहिला तुकडा मामांनी फेकला नाही, खाचेचा भाग कापून उरलेल्यातून २० चा बुश काढला.